आधी किंमत लिहा : 'बिरसा १०१'च्या शास्त्रज्ञांना एक खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर), नवी दिल्ली
आणि इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजीमधले (आयजीआयबी) शास्त्रज्ञ

विषय : सिकलसेलवरचा जनुकीय उपचार, त्याची किंमत आणि त्याचा पत्ता

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. तुमच्या प्रयोगशाळेत जी यंत्रं असतील, त्यातल्या निम्म्यांची नावंही मला धड उच्चारता येणार नाहीत. माझ्याकडे एक सूक्ष्मदर्शक, एक सेंट्रिफ्यूज, नळ्यांचा स्टँड आणि एक फ्रिज आहे, ज्याचं दार दोरीने बांधून ठेवावं लागतं. तरी आपण एकाच रेणूच्या मागे लागलेलो आहोत : सिकलसेल या आनुवंशिक आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या सदोष हिमोग्लोबिनच्या. मी ते नळीत शोधते, तुम्ही त्यावर 'बिरसा १०१' हा जनुकीय उपचार तयार करताय. म्हणून हे पत्र.

सोल्युबिलिटी टेस्ट काय असते हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून लिहिते. नळीत रसायन घ्यायचं, त्यात बोटातून काढलेलं चिमूटभर रक्त टाकायचं, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या तर सुटलो. नळी गढूळ झाली, रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे ते सदोष हिमोग्लोबिन, आहे. माणूस वाहक आहे (एएस पॅटर्न, आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आलेला) की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला), हे त्या नळीला कळत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीला, पुढे पाठवायचा आणि वाट पाहायची.

राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांत आमचं प्रशिक्षण झालं. सराव करायला रुग्ण कुठून आणणार, म्हणून आम्ही एकमेकांचंच रक्त घेतलं. माझी नळी कागदासमोर धरली तर रेघा नाहीत. रसायन जुनं असेल म्हणून पुन्हा केली. पुन्हा नाहीत. शेजारी बसलेली भंडाऱ्याची मुलगी म्हणाली, ताई, तुमचं लग्न झालंय का? लग्न झालं होतं. घरी सात महिन्यांची मुलगी होती आणि त्याच आठवड्यात तिच्या हातापायांची बोटं सुजून तट्ट झाली होती. गावच्या डॉक्टरांनी सांधेवाताचं औषध दिलं होतं. पुढच्या सोमवारी मी मिस्टरांचं रक्त घेतलं. त्यांच्याही रेघा नव्हत्या. मुलीचा रिपोर्ट यायला दीड महिना लागला, पण मला तो आधीच वाचता येत होता.

सात महिने हा आकडा तुम्हाला लगेच कळेल. पहिले सहा महिने ती गुटगुटीत होती, कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यात सिकलचा दोष नसतो. जन्मानंतर शरीर हळूहळू ते बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू करतं. आमच्या मुलीच्या शरीराने नेमानं आपलं काम केलं आणि तिथूनच तिचं दुखणं सुरू झालं. ते बाळपणीचं हिमोग्लोबिन बंदच झालं नसतं तर? हा प्रश्न मी तेव्हा रडत रडत एका डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले, तसं होत नाही. ते चुकीचं बोलले नाहीत, तेव्हा तसं होत नव्हतं. साधारण त्याच सुमारास, २००८ साली, अमेरिकेत बीसीएल११ए नावाचं जनुक हाच तो बंद करणारा खटका आहे, हे सापडलं होतं. चंद्रपूरपर्यंत ते यायला अवकाश होता.

आज त्या खटक्यावरच औषध उभं आहे. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत क्रिस्पर नावाच्या, जनुक कापणाऱ्या कात्रीने तो खटका मोडायचा आणि त्याच पेशी रुग्णाला परत द्यायच्या. लाल पेशी पुन्हा बाळपणीचं हिमोग्लोबिन बनवू लागतात. व्हिक्टोरिया ग्रे या अमेरिकन बाईंवर २०१९ मध्ये हा उपचार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने या उपचाराला, कॅसजेव्हीला, मान्यता दिली. चाचणीतल्या ज्या ३१ रुग्णांना पुरेसा काळ तपासता आलं, त्यातल्या २९ जणांना सलग बारा महिने एकही मोठा क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका, आला नाही. ज्या आईने क्रायसिस पाहिला आहे, तिला हा आकडा दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही.

क्रायसिस म्हणजे काय, हेही एकदा लिहूनच टाकते. आमच्याकडे जुलैत धानाची रोवणी चालते. चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, वरून पाऊस. मुलगी सातवीत असताना हट्टाने मामाच्या बांधीत गेली. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही, आणि खरं सांगते, मीही फार ओढून धरलं नाही. कारण दरवेळी नाही म्हणायचं तर त्या पोरीने जगायचं कधी? रात्री दोन वाजता टोंगळे धरून बसली. मग पाठ, मग छाती. त्या दुखण्यात मूल रडत नाही हे लोकांना माहीत नसतं. ते गप्प होतं, कारण श्वास घेतला तरी दुखतं. मोठ्या दवाखान्यात नेलं तर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शनची सवय लागली आहे का हिला? ती बारा वर्षांची होती.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, असं पुस्तकात वाचलं आहे. आपल्या लोकांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जरा जास्त टिकतं म्हणून. असेलही. वॉर्डातल्या पोरांना हे कुणी कळवलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत तुमच्या उपचाराची घोषणा झाली. देशातला पहिला स्वदेशी क्रिस्पर उपचार, तोही सिकलसेलवर, नाव 'बिरसा १०१'. बिरसा मुंडांच्या जन्माला नुकतीच दीडशे वर्षं झाली होती. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाल्याचंही त्याच दिवशी सांगितलं. मी ती बातमी मोबाइलवर दुपारच्या डब्याबरोबर वाचली आणि डबा तसाच राहिला. तुमच्या टीमबद्दल मला आधीपासून आपुलकी आहे. करोनात ज्या फेलुदा चाचणीचं नाव झालं, तिच्यामागचं काम तुम्ही मुळात सिकलसेलसाठी करत होतात, हे आम्हा लॅबवाल्यांना ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही आमच्याकडे योगायोगाने आलेला नाहीत.

म्हणूनच तुमच्याकडे एक गोष्ट मागते. या उपचाराची किंमत आधी लिहा. औषध तयार झाल्यावर, मान्यता मिळाल्यावर, कंपनीचा खर्च मोजून झाल्यावर नाही. आत्ता, चाचणी सुरू व्हायच्या आधी, करारात आणि लोकांना वाचता येईल अशा जागी.

हे मी उगाच हट्टाने म्हणत नाही. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर आहे. रुपयांत १८ कोटींच्या पुढे. तिथे कॅसजेव्हीच्याच दिवशी मान्यता मिळालेल्या सिकलसेलवरच्या दुसऱ्या जनुकीय उपचाराची, लिफजेनियाची, ३१ लाख डॉलर. आपला उपचार त्याच्या दहाव्या भागात झाला, तर सगळे टाळ्या वाजवतील आणि वर्तमानपत्रात 'स्वस्त' असा मथळा येईल. दहावा भाग म्हणजे पावणेदोन-दोन कोटी. आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला अठरा कोटी आणि दोन कोटी यांतला फरक काय? त्याची दोन एकर धानाची शेती आहे.

महाग उपचाराचं काय होतं हे युरोपात दिसलं आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्याच आनुवंशिक आजारावरच्या झिंटेग्लो या जनुकीय उपचाराला तिथे मान्यता होती. किंमत १५ लाख युरोंच्या वर. २०२१ मध्ये जर्मनीशी किमतीवर जमलं नाही आणि कंपनीने युरोपातून गाशा गुंडाळला. विज्ञान बरोबर होतं, रुग्ण होते, डॉक्टर होते. नुसत्या आकड्यावर उपचार माघारी गेला. जर्मनीला जे झेपलं नाही ते गडचिरोलीला झेपेल, असं कुणी म्हणणार नाही.

आता उलटं उदाहरण, आणि ते तुमच्या पुण्याच्या भागीदाराचंच आहे. आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, साथी येत. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं की लस पन्नास सेंटच्या वर गेली तर आम्ही घेऊच शकणार नाही. म्हणून आधी तो आकडा ठरला, आणि मग तेवढ्यात लस करून देणारा शोधला. मोठ्या कंपन्या त्या किमतीला तयार नव्हत्या. सीरम तयार झाली. लशीतलं महत्त्वाचं तंत्र अमेरिकेच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून आलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये लोक बाह्या वर करून रांगेत उभे राहिले आणि लस पन्नास सेंटच्या आत बसली होती. सरकारी प्रयोगशाळेचं तंत्र, पुण्याचा कारखाना, गरीब रुग्ण, आणि किंमत सगळ्यात आधी. बिरसा १०१ च्या बाबतीत पहिल्या तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत.

लस आणि हा उपचार एक नाहीत, हे मला कळतं. लस एकाच खेपेत लाखो लोकांची होते, इथे प्रत्येक रुग्णाचं औषध त्याच्याच पेशींतून, वेगळं, हातानं करायचं. पन्नास सेंट कुणी मागत नाही. पण आकडा ठरवण्याची पद्धत तीच असू शकते. औषध करायला किती लागलं असं न विचारता, ज्या राज्याला द्यायचं आहे ते राज्य वर्षाला किती मुलांचे किती पैसे भरू शकेल, तिथून सुरुवात करायची. या संशोधनात सरकारचा, म्हणजे आमचाच पैसा आहे. पहिला करार झाला असला, तरी पुढच्या कागदांत तुम्ही अट घालायचा आग्रह धरू शकता. शेवटची सही झाली की मग विनंतीच उरते.

किमतीबरोबर पत्त्याचाही विचार करा. उपचार मिळणार कुठे? या औषधाला आधी रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारं अॅफेरेसिसचं यंत्र लागतं. मूळ पेशी रक्तात उतरवायला जे इंजेक्शन एरवी देतात, ते सिकलच्या रुग्णाला चालत नाही, क्रायसिस येऊ शकतो, म्हणून दुसरं वापरावं लागतं आणि पेशी पुरेशा निघेपर्यंत रुग्णाला त्या यंत्राजवळ पुन्हा पुन्हा बसवावं लागतं. मग बुसल्फान हे कडक औषध देऊन जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि नव्या पेशी रुजेपर्यंत रुग्णाला महिना-दीड महिना जंतुविरहित खोलीत ठेवायचं. रक्तपेढी चोवीस तास जवळ हवी. हे सगळं दिल्ली-मुंबईतच उभं राहिलं, तर आमच्या माणसाने तिथे दोन महिने राहायचं कुठे आणि घरची म्हैस कुणाच्या दावणीला बांधायची? नागपुरात १९५८ सालीच डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी खास केंद्र चंद्रपुरात काढलं. तर चाचणीची एक जागा तरी विदर्भात ठेवा. खोल्या, यंत्रं, शिकलेली माणसं मागे राहतील. त्यांवर साधं अस्थिमज्जा प्रत्यारोपणही करता येईल, ज्याच्यासाठी आज आमच्या मुलांना रेल्वेने रात्र काढावी लागते.

प्रत्यारोपणासाठी दाता जुळतो का, हे आम्हीही तपासून पाहिलं. मुलीला एक धाकटा भाऊ आहे. पूर्ण जुळणारा भाऊ-बहीण मिळण्याची शक्यता चारात एक. त्याचं जुळलं नाही. त्या दिवशी तो नऊ वर्षांचा पोरगा माझ्या मागे लागला होता की पुन्हा तपासा, कदाचित चुकलं असेल. मी लॅबवाली आहे, मला माहीत होतं चुकलेलं नाही. म्हणून स्वतःच्याच पेशी दुरुस्त करून परत देणारा उपचार आमच्यासारख्यांना इतका मोठा वाटतो. दाता शोधावा लागत नाही, दुसऱ्याच्या पेशींनी शरीरावर उलटण्याची भीती नाही.

याच मुलाच्या वेळची एक गोष्ट सांगून घेते. मी गरोदर असताना शहरातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये सोनोग्राफीला गेले, तर टाय लावलेला एक मुलगा रंगीत पत्रक घेऊन आला. बाळाची नाळ जपून ठेवा मॅडम, त्यातल्या स्टेम सेल्सनी पुढे कुठलाही आनुवंशिक आजार बरा होईल, हप्ते पाडून देतो. मी विचारलं, बाळाला सिकल असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तेच जनुक असणार ना? मग त्या पेशी त्यालाच देऊन काय बदलणार? तो हसला आणि म्हणाला, मॅडम, विज्ञान फार पुढे गेलंय. आयसीएमआरने अशा खासगी साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळे स्टेम सेल उपचार प्रायोगिकच मानले आहेत. पण सूचना दिल्लीत असतात आणि पत्रक दवाखान्याच्या बाकावर. आमच्या ओळखीच्या एका घराने मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजण्याचा आजार, असलेल्या मुलासाठी शेत विकून स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली. मुलगा आहे तसाच आहे, शेत गेलं. तुमची बातमी आली की अशा दुकानांना नवा शब्द मिळतो. 'क्रिस्पर थेरपी' असा बोर्ड मला लवकरच कुठेतरी दिसेल. तुमचं काम कोणत्या टप्प्यावर आहे, कोणाला घेताय, कोणाला नाही, एवढं तरी दर काही महिन्यांनी साध्या मराठीत, हिंदीत, गोंडीत तुम्ही स्वतः सांगत राहा. तुम्ही गप्प बसलात की तो टायवाला बोलतो.

चाचणीच्या संमतीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण रक्त घेण्याचं काम मी करते.

आमच्या भागात माणसांचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या नेलं गेलं आहे. कॉलेजं आली, संस्था आल्या, शिबिरं झाली. एका माडिया आजीने मला विचारलं होतं, बाई, तुम्ही आमचं रक्त नेता त्याचं पुढं काय करता? विकता काय? मी हसून नाही म्हटलं. नंतर लक्षात आलं की तिचं रक्त तीनदा घेतलं गेलं होतं आणि रिपोर्ट तिला एकदाही मिळाला नव्हता. आता त्याच पाड्यावर तुम्ही 'जनुक बदलायचं आहे' असा कागद घेऊन जाल. जनुक या शब्दाला गोंडीत काय म्हणायचं, हे आधी त्यांच्याशी बसून ठरवावं लागेल.

मी स्वतः चिंचोक्यांनी समजावते. दोन फोडलेले चिंचोके, एक आईचा, एक बापाचा. पांढरी बाजू वर आली की सिकलचं जनुक बाळाला गेलं. दोन्ही पांढरे पडले तर एसएस. एक पांढरा, एक काळा, तर वाहक, म्हणजे आपल्यासारखाच ठणठणीत. लोकांना वाटतं चारातलं एक आजारी निघालं की पुढची तीन सुटली. मग मी दाण तीन-चारदा टाकून दाखवते, कधी लागोपाठ दोनदा पांढरे पडतात आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. दरवेळी खेळ नव्याने सुरू होतो, हे चिंचोका सांगतो तेवढं नीट मला सांगता येत नाही. तुमच्या संमतीच्या कागदालाही असा एखादा चिंचोका शोधा.

आणि त्या कागदात बुसल्फानबद्दल पहिल्या पानावर लिहा, सतराव्या नाही. या औषधाने पुढे मूल न होण्याचा धोका असतो. आमच्याकडे सिकलच्या मुलीचं लग्न आधीच अवघड आहे. पॅटर्न कळला की पाहुणे परत येत नाहीत. म्हणून सिकलसेलचं कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवतात आणि वाहक मुलाची चौकशी कुणी करतच नाही. त्यात वेदना गेली पण कूस गेली, असं झालं तर ती पोरगी कोणता सौदा करते आहे, हे तिला आधी कळलं पाहिजे. बीज गोठवून ठेवण्याचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरला पाहिजे, वरचा म्हणून नाही. माझ्या मुलीला मी हे सांगितलं. ती आता सतरा वर्षांची आहे. थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आई, पण मग मला रात्री झोप लागेल ना? याला काय उत्तर देणार? मला देता आलं नाही. पण हा प्रश्न तिच्या वतीने दुसऱ्या कुणी सोडवू नये, एवढं मला कळतं.

पुढची गोष्ट पाठपुराव्याची. जनुकात बदल केलेल्या रुग्णावर अमेरिकेत पंधरा वर्षं लक्ष ठेवायला सांगतात. लिफजेनियाच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा इशारा छापावा लागला आहे, तेव्हा हे लक्ष ठेवणं नुसती औपचारिकता नाही. आमच्याकडची माणसं दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात, दोन-दोन महिने परत येत नाहीत, फोनचं सिम बदलतं. त्यांच्यावर पंधरा वर्षं लक्ष कोण ठेवणार? आशा ताई ठेवू शकतात, त्यांना घर न्‌ घर माहीत असतं. पण त्यांना त्याचे पैसे पंधराही वर्षं द्यावे लागतील, पहिल्या प्रकल्पापुरते नाही.

तुम्ही म्हणाल, ही बाई अजून न झालेल्या औषधावर एवढं का लिहिते. कारण झालेल्या औषधाचं काय होतं हे मी रोज पाहते. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने १९४९ मध्ये दाखवलं. सगळा दोष हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या एका कडीचा आहे, हे त्यानंतर काही वर्षांत कळलं. पहिलं खास औषध, हायड्रॉक्सीयुरिया, अमेरिकेत मान्य व्हायला १९९८ उजाडलं. तीही दुसऱ्याच आजाराची जुनी गोळी. काही रुपयांची कॅप्सूल आहे, रोज घ्यायची, तीसुद्धा तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. माझ्या मुलीचे क्रायसिस त्याने निम्म्यावर आले. आणि ही कॅप्सूल आमच्या भागातल्या एका दवाखान्यात मागच्या वर्षी अडीच महिने नव्हती. फार्मासिस्ट म्हणाला, मागणी पाठवली आहे. मागणी खरंच पाठवली होती, मी रजिस्टर पाहिलं. कुठे अडली कुणालाच सांगता येईना. ज्यांना जमलं त्यांनी बाहेरून घेतली, ज्यांना नाही त्यांनी फॉलिक अॅसिडवर दिवस काढले. लहान मुलांसाठी तर आम्ही कॅप्सूल फोडून पाण्यात विरघळवून देतो, अंदाजाने. काही रुपयांची कॅप्सूल शेवटच्या कपाटात टिकत नसेल, तर कोटींचं औषध तिथे कसं पोचणार, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी टाळू नये. तुमच्या करारात मधल्या वर्षांसाठी हायड्रॉक्सीयुरियाच्या पुरवठ्याचा आणि बाळ जन्मल्याबरोबर तपासणीचा उल्लेख असावा, असं मला वाटतं. हे तुमचं काम नाही, माहीत आहे. पण जे तुमच्या चाचणीत येणार आहेत ते त्या वयापर्यंत जगलेले हवेत.

केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सुरू झालं, लक्ष्य २०४७. सात कोटी लोक तपासायचे. तपासायचं काम माझ्यासारख्यांनी केलं, रात्री उशिरापर्यंत पोर्टल भरत बसलो. निर्मूलन हा शब्द मला खटकतो. मलेरियाच्या प्रदेशात वाहकाला जरा कवच मिळतं म्हणून हे जनुक हजारो वर्षं आमच्या जंगलात टिकलं. जनुकाला मी दोष देत नाही. माझ्या मुलीला कुणी निर्मूलन करायची गोष्ट समजू नये, एवढंच.

तुम्ही हे करू शकता, याची मला शंका नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांवर असाच, मूळ पेशींत जनुक घालून, उपचार केला आणि पाचही जणांचा रक्तस्राव थांबल्याचं २०२४ च्या शेवटी जगाला दाखवलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची कार-टी पेशींची पद्धत, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्याला परत देण्याची, कर्करोगासाठी बाजारात आली, परदेशी किमतीच्या दहाव्या भागाच्या आसपास. तो दहावा भागही तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो, म्हणून मी पुन्हा पुन्हा किमतीवर येते. कोल इंडियाच्या योजनेतून थॅलेसेमियाच्या मुलांना प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मिळतात. कोल इंडियाच्याच वेकोलीच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणी आमच्या जिल्ह्यात आहेत, कोळशाची धूळ आमच्या छपरांवर बसते. दहा लाख हा आकडा असाच कुठून तरी आलेला नाही, तो कुणीतरी भरून दाखवलेला आकडा आहे. तिथून मोजायला सुरुवात करा.

औषधाला बिरसांचं नाव दिलंत. ते पंचवीस वर्षांचे होण्याआधी रांचीच्या तुरुंगात गेले. आमच्या वॉर्डात त्या वयाच्या आत गेलेल्यांची यादी माझ्याकडे आहे. ती मी इथे देत नाही.

कधी इकडे आलात तर आमच्या दवाखान्यात या. मंगळवारी आमचा सिकलसेलचा दिवस असतो. एसटीचा सिकलचा पास असल्याने लोक लांबून येतात आणि पहिल्या गाडीलाच येतात. नऊच्या आत पोचा, नंतर बाकावर जागा मिळत नाही. मुलगी बारावीचं पुस्तक घेऊन तिथेच एका कोपऱ्यात बसलेली असते. तिला जीवशास्त्रात क्रिस्परचा धडा आहे का विचारलं तर ती नाही म्हणाली. तुम्हाला तिला काही विचारायचं असेल किंवा तिला तुम्हाला, तर डबा आम्ही आणू.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, एएस पॅटर्न
(आणि एका एसएस मुलीची आई)
जिल्हा चंद्रपूर